टॅक्ससेव्हर तिकिटाचा रिफंड : ४०० चे २११ कसे झाले?

लिफीकाठचा (२६ सप्टेंबर २०२५)

मंडळी, डब्लिनमध्ये कुणी टॅक्ससेव्हरचं वार्षिक तिकीट मध्येच परत केलंय का? माझा हिशेब काही केल्या जुळत नाहीये. काल रात्री साडेअकराला बायकोने "तो कागद खाली ठेव आणि झोप" म्हणून दिवाच मालवला, तेव्हा आज जेवणाच्या सुट्टीत तुमच्या डोक्याला ताप देतोय.

मी अ‍ॅडमस्टाउनला राहतो. ऑफिस जुलैपर्यंत डॉकलँड्समध्ये होतं. सकाळची गाडी पकडायची, फिनिक्स पार्कच्या बोगद्यात फोनची रेंज गेली की डोळे मिटायचे, कॉनॉली आलं की उघडायचे आणि ग्रँड कॅनॉल डॉकला उतरायचं. तीन वर्षं हेच चाललं होतं. गाडीला गर्दी असायची, पण ठाणे-दादर केलेल्या माणसाला ती गर्दी म्हणजे लग्नातली पंगत.

जानेवारीत नेहमीप्रमाणे कंपनीकडून रेल्वेचं वार्षिक तिकीट घेतलं. ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे कंपनी तुमच्या नावाने मासिक नाहीतर वार्षिक तिकीट काढते आणि ते पैसे तुमच्या पगारातून टॅक्स लागायच्या आधी वळते करते. त्यामुळे तेवढ्या पगारावर इन्कम टॅक्स, यूएससी (पगारावरचा आणखी एक कर), पीआरएसआय (सामाजिक विम्याची वर्गणी) काहीच लागत नाही. खरे आकडे सुटे-सुटे आहेत, म्हणून सगळं प्रमाणात गोल करून लिहितो : तिकीट १२०० युरोचं, दरमहा १०० कापले जायचे. पगार ६२ हजार, घरात कमावणारा मी एकटा. म्हणजे वरच्या भागावर ४० टक्के टॅक्स, ३ टक्के यूएससी आणि ४.१ टक्के पीआरएसआय. एकूण ४७.१. महिन्याचे १०० मला पडायचे फक्त ५२.९० ला. झकास योजना, तक्रार नाही.

जूनमध्ये एका बुधवारी सगळ्यांना वरच्या मजल्यावर बोलावलं, डोनट ठेवले होते. डोनट दिसले तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी वाईट आहे. १ ऑगस्टपासून ऑफिस बॅलीकूलिनला. म्हणजे आता स्वतःची गाडी काढण्यावाचून इलाज नाही, रेल्वेच्या तिकिटाचा उपयोग शून्य.

एचआरला विचारलं. उत्तर आलं, तिकीट परत करता येतं, कार्ड आमच्याकडे द्या, रिफंड कंपनीकडे येईल, तो तुम्हाला मिळेल. बरं. ३१ जुलैला जुन्या ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी ते हिरवं लीप कार्ड (तिकीट त्यावरच असतं) एचआरच्या मुलीच्या हातात दिलं. त्यावरचा माझा फोटो दाढीच्या आधीचा आहे, ती बघून हसलीही.

त्याआधी २५ जुलैच्या पगारात एक गंमत झाली होती. एकदम ६०० कापले गेले, शेजारी लिहिलेलं "ट्रॅव्हल बॅलन्स". विचारलं तर म्हणाले, कंपनीने जानेवारीतच १२०० भरलेत, तुमचे जूनपर्यंत ६०० च वसूल झालेत, तेव्हा बाकी चुकती करून घेतली. रिफंड आला की देऊच. हेही पटलं.

२० ऑगस्टपर्यंत काहीच हालचाल नाही म्हणून नव्या ऑफिसात तिच्या टेबलापाशी गेलो. तिने ड्रॉवर उघडला. त्यात वाढदिवसाच्या अर्धवट जळालेल्या मेणबत्त्या, कुणाचे तरी जुने आयडीचे पट्टे, स्टेपलरच्या पिना, आणि त्या सगळ्याखाली बिनदाढीचा मी. "ओह, सो सॉरी!" २२ तारखेला कार्ड गेलं. हिशेब कार्ड पोहोचल्यानंतरच्या पूर्ण महिन्यांचा झाला. सप्टेंबर ते डिसेंबर, ४०० युरो. ऑगस्टचे १०० त्या ड्रॉवरमध्येच राहिले.

आणि काल पेस्लिप आली. "ट्रॅव्हल रिफंड ४००" दिसतंय, पण ऑगस्टच्या पगारापेक्षा हातात जास्त आलेत फक्त २११.६०. म्हणजे माझ्याच तिकिटाच्या परत आलेल्या पैशावर १८८.४० टॅक्स! परताव्यावर टॅक्स ऐकलाय कुणी? दुकानात शर्ट परत केला तर दुकानदार कॉलर कापून घेतो का?

तर सांगा, हे बरोबर आहे की कंपनी मला गुंडाळतेय?

गॅल्वेकर

बरोबर आहे. टॅक्स न भरता तिकीट घेतलंत, आता पैसे परत येताना टॅक्स लागणारच. माझेही २०२२ मध्ये असेच निम्मे आले होते. सोडून द्या, मनस्ताप करून घेऊ नका.

पेरोलवाली

दादा, मी इथे अकरा वर्षं पेरोल, म्हणजे पगाराचे हिशेब करते, त्यामुळे जरा लांबण लावते. चहा घेऊन बसा.

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर वर आलंय. रिफंडवर टॅक्स लागणं बरोबरच आहे. शर्टाचं उदाहरण इथे चालत नाही, कारण शर्ट तुम्ही टॅक्स भरून उरलेल्या पैशांतून घेतलेला असतो. हे तिकीट तुम्ही विकत घेतलेलंच नाही. तुमच्या पगारातले १२०० युरो तुम्ही रोख न घेता तिकिटाच्या रूपाने घ्यायचं कबूल केलंत, आणि प्रवासाच्या पासाला १९९९ च्या फायनान्स अ‍ॅक्टपासून सूट असल्यामुळे रेव्हेन्यूने, म्हणजे इथल्या कर खात्याने, त्याला हात लावला नाही. सूट पासाला आहे, पैशाला नाही. पास परत जाऊन त्याचे पैसे झाले की तो पुन्हा तुमचा पगार झाला, आणि पगारावर जे लागतं ते लागणार. असं नसतं तर सगळं डब्लिन जानेवारीत पास काढून फेब्रुवारीत परत करत बसलं असतं.

म्हणूनच रिफंड कधीही थेट तुमच्या खात्यात येत नाही. तो कंपनीकडे येतो आणि पगाराच्या दारातूनच तुमच्याकडे येतो. आणि कंपनी त्यात काही खात नाही. पास देताना तिचा मालकाच्या वाट्याचा पीआरएसआय वाचतो, सप्टेंबर २०२५ मध्ये ११.१५ टक्के. रिफंड पगारात दिला की तेवढा तिला त्यावर भरावा लागतो. तुमच्या ४०० वर तिने ४४.६० वरून भरलेत.

इथपर्यंत गॅल्वेकरांशी मी सहमत. पण "सोडून द्या" ला मात्र नाही, कारण मला तुमच्या जुलैच्या ६०० चा वास येतोय.

पेस्लिपवर एक रेघ असते. रेघेच्या वर ग्रॉस, म्हणजे टॅक्स लागायच्या आधीचं. रेघेच्या खाली टॅक्स कापून उरलेल्या पैशातून होणाऱ्या वजावटी : कर्जाचा हप्ता, क्रेडिट युनियन, सोशल क्लबची वर्गणी. जानेवारी ते जून तुमचे १०० रेघेच्या वर कापले जात होते. जुलैचे ६०० कुठे कापलेत? वर की खाली?

जुलैची पेस्लिप काढून बघा. शब्दांवर जाऊ नका, "ट्रॅव्हल बॅलन्स" दोन्हीकडे लिहिता येतं. टॅक्सेबल पे चा आकडा बघा. तुमचा महिन्याचा ग्रॉस ५१६६.६७ असणार. जूनला टॅक्सेबल पे ५०६६.६७ असेल. जुलैला ४५६६.६७ असेल तर सगळं आलबेल आहे, झोपा. जुलैला पूर्ण ५१६६.६७ असेल तर इथे येऊन सांगा.

पेस्लिप हाताशी नसेल तर रेव्हेन्यूच्या मायअकाउंटमध्ये जा. २०१९ पासून प्रत्येक पगाराचा आकडा पगाराच्या दिवसापर्यंत तिकडे जावाच लागतो, महिन्यागणिक दिसतो.

ठाकुर्ली_स्लो

विषय परदेशातला आहे, पण पासाचं नाव निघालं म्हणून राहवलं नाही. आमच्या मध्य रेल्वेच्या पासाची गोष्ट ऐका. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा माझा फर्स्ट क्लासचा तिमाही पास कोरा करकरीत होता, जेमतेम आठवडाभर वापरलेला. १५ जूनला लोकल सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी, आम्ही खिडकीतून गाड्या बघायचो. सर्वांसाठी ठरावीक वेळांत दारं उघडली ती १ फेब्रुवारी २०२१ ला. पासाचे बुडालेले दिवस पुढे जोडून मिळाले. पैसे नाही, दिवस! मला तेव्हा वाटलं, वा, काय न्याय आहे. पण तोवर मी रिटायर झालो होतो. जोडून मिळालेल्या दिवसांत मी कुठे जाऊ? दोनदा सौ.ला घेऊन दादरला फुलबाजारात गेलो, ती सेकंड क्लासच्या तिकिटावर आणि मी फर्स्टच्या पासावर. पुढच्या स्टेशनला तिच्या डब्यात गेलो, नाहीतर संध्याकाळी जेवण मिळालं नसतं.

बाकी आमच्याकडे येण्या-जाण्याच्या भत्त्याला महिना १६०० रुपयांची सूट होती, तीही २०१८ च्या बजेटमध्ये स्टँडर्ड डिडक्शनच्या पोटात गेली. चालू द्या तुमचं.

लिफीकाठचा

पेरोलवाली ताई, आधी दंडवत घ्या.

जुलैची पेस्लिप काढली. टॅक्सेबल पे ५१६६.६७. पूर्ण. वर काहीच कापलेलं नाही. खाली "सोशल क्लब २.००" आणि त्याच्याखाली "ट्रॅव्हल बॅलन्स ६००.००". म्हणजे तुमच्या भाषेत रेघेच्या खाली.

खरं सांगायचं तर मला त्या रेघेचं महत्त्व आजच कळलं. इतकी वर्षं मी पेस्लिपचा फक्त सगळ्यात खालचा आकडा बघत आलोय, शाळेचं प्रगतिपुस्तक बघायचो तसा.

काकांची फुलबाजाराची गोष्ट बायकोला वाचून दाखवली. ती म्हणते, काकूंनी बरोबर केलं असतं.

पेरोलवाली

मग चोर सापडला. चोर म्हणजे चोर नव्हे, कुणीतरी चुकीच्या कोडवर बोट ठेवलंय. होतं असं, माझ्याकडूनही झालंय.

मांडून दाखवते. तुम्ही तिकीट वापरलं, किंवा ड्रॉवरने वापरलं म्हणा, जानेवारी ते ऑगस्ट. आठ महिने, ८०० युरो. ४७.१ टक्के सूट धरून ते तुम्हाला पडायला हवेत ४२३.२० ला.

प्रत्यक्षात काय झालं? जूनपर्यंतचे ६०० रेघेच्या वरून गेले, ते पडले ३१७.४० ला. जुलैचे ६०० रेघेच्या खालून गेले, ते पडले पूर्ण ६०० ला. एकूण ९१७.४०. त्यातून परत मिळाले २११.६०. म्हणजे तुमच्या खिशातून गेले ७०५.८०. द्यायला हवे होते ४२३.२०. फरक २८२.६०.

आता ६०० चे ४७.१ टक्के काढा. बरोबर २८२.६०. सूट मिळाली नाही ती तेवढीच, एक सेंट इकडे नाही की तिकडे नाही.

थोडक्यात, जाताना टॅक्स कापलेले पैसे घेतले आणि येताना त्याच पैशांवर पुन्हा टॅक्स कापला. तुम्हाला खटकत होता सप्टेंबरचा कागद, पण सप्टेंबर निर्दोष आहे. घोळ जुलैचा.

तेव्हा पेरोलला लिहिताना "माझ्या रिफंडवर टॅक्स का लावला" असं लिहू नका. त्यावर ते छापील उत्तर पाठवतील आणि ते उत्तर बरोबरच असेल. असं लिहा : जानेवारीत १२०० चा सॅलरी सॅक्रिफाइसचा (पगाराऐवजी तिकीट घेण्याचा) करार माझ्या सहीने झालेला आहे, त्यातले जुलैचे ६०० ग्रॉसऐवजी नेटमधून कापले गेले आहेत, कृपया रेव्हेन्यूला पाठवलेलं जुलैचं सबमिशन दुरुस्त करावं. कराराची प्रत जोडा. तो करार महत्त्वाचा, कारण रेव्हेन्यूला असा करार पगार हातात पडायच्या आधी, लेखी झालेला लागतो. नंतर आठवलं म्हणून केलेला चालत नाही.

आणि एक गोष्ट हळूच घाला. या चुकीमुळे कंपनीनेही ६०० वर ११.१५ टक्के पीआरएसआय फुकट भरलाय, ६६.९० युरो. दुरुस्ती केली तर तेही त्यांना परत मिळतील. माझा अनुभव असा की कर्मचाऱ्याच्या पैशाचं पत्र ट्रेमध्ये पडून राहतं, कंपनीच्या पैशाचं त्याच दिवशी उघडतं.

कुणी म्हणेल, वर्षअखेरीला रेव्हेन्यूचा हिशेब होतो तेव्हा आपोआप परत येतील. नाही येणार. रेव्हेन्यूच्या पाटीवर तुमचा जुलैचा पगार ५१६६.६७ असाच लिहिलाय आणि त्यावर टॅक्स बरोबर कापलाय. त्यांच्या लेखी काही चुकलेलंच नाही. आकडा कंपनीनेच बदलायला हवा.

ऑगस्टचे १०० मात्र गेले असं समजा. हिशेब तुम्ही प्रवास थांबवल्यापासून नाही, कार्ड परत गेल्यापासून होतो. तेही ग्रॉसचे १००, तुमच्या खिशातले ५२.९०. कंपनीच्या ड्रॉवरमुळे गेले, तेव्हा मागून बघा, पण मिळाले नाहीत तर भांडण वाढवू नका. पुढे कुणावर ही वेळ आली तर कार्ड देताना तारखेसकट एक ईमेल टाका, "आज कार्ड दिलं". एवढ्याने कार्ड ड्रॉवरमध्ये मुरत नाही.

मार्च २०२० मध्ये माझ्याकडे असल्या कार्डांचा बुटांचा खोका भरला होता. १२ तारखेला शाळा बंद झाल्याचं जाहीर झालं आणि दोन आठवड्यांत सगळे घरी. प्रत्येकाचा एकच ईमेल, तिकिटाचं काय. कार्डं कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या कोटात, एकाचं तर नाशिकला आईच्या कपाटात. त्या खोक्यापासून मी ड्रॉवर या प्रकारावर विश्वास ठेवत नाही.

एडिसनकर

तुमचं वाचून हेवा वाटला. तुमच्याकडे निदान निम्मे तरी परत येतात. आमच्याकडे न्यू जर्सीत हीच सोय अमेरिकेच्या टॅक्स कायद्याच्या १३२ एफ कलमाखाली आहे. पगारातून टॅक्सच्या आधी महिन्याला ठरावीक रकमेपर्यंत (२०२५ मध्ये ती ३२५ डॉलर होती) पैसे बाजूला टाकता येतात, ते एका कार्डावर जमा होतात आणि त्या कार्डाने रेल्वेचा पास काढायचा. न्यू यॉर्क शहरात २०१६ पासून वीस किंवा जास्त फुलटाइम माणसांच्या कंपनीला ही सोय द्यावीच लागते. नोकरीत आहात तोवर उरलेली शिल्लक पुढच्या महिन्यात सरकते, काही बिघडत नाही. पण नोकरी गेली की ती शिल्लक रोख परत देता येत नाही. टॅक्स कापूनही नाही. नियमच तसा.

माझा लेऑफ झाला तेव्हा कार्डावर ६४० डॉलर होते. महिनाभर घरून काम केलं होतं, आणखी एक महिना सुट्टीवर भारतात गेलो होतो, पण कपात थांबवायचं लक्षात राहिलं नाही. सकाळी दहाला मीटिंग झाली. एचवनबीच्या साठ दिवसांची मोजणी सुरू झालेली, बायको रडतेय, आईला काय सांगायचं ते सुचत नाहीये, आणि मला त्या सगळ्यात आठवलं ते हे कार्ड. संध्याकाळी मेट्रोपार्क स्टेशनला जाऊन तिकिटाच्या मशीनमध्ये घातलं, म्हटलं निदान पुढच्या महिन्याचा पास काढून ठेवू, इंटरव्ह्यूंना उपयोगी पडेल. डिक्लाइंड. दुपारीच बंद केलेलं. मागे उभ्या असलेल्या बाईंना वाटलं मला मशीन वापरता येत नाही, त्या मदत करायला पुढे आल्या.

सांगायचं काय, तर जे कुणी अमेरिकेत आहेत त्यांनी त्या खात्यात महिन्याच्या पासापुरतेच ठेवा. साठवू नका. ते बचत खातं नाही.

गॅल्वेकर

मी माझ्या २०२२ च्या पेस्लिप काढल्या. माझी कपात वरच होती, म्हणजे माझे निम्मे खरोखरच बरोबर होते. "सोडून द्या" मात्र मागे घेतो.

लिफीकाठच्यांना एक विचारायचं होतं. आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस असेल तर वार्षिक तिकीट परवडतं का? ९० मिनिटांचं भाडं २ युरो. जाऊन-येऊन ४, तीन दिवसांचे १२. महिन्याचे सरासरी ५२ झाले. तुमच्या गोल आकड्यांनी तिकीटही ५२.९० लाच पडतंय.

लिफीकाठचा

गॅल्वेकर, मी चार दिवस जायचो आणि शनिवारी पोराला घेऊन समुद्र बघायला डार्टने (इथली किनाऱ्याची लोकल) होथला. त्या फेऱ्या फुकटच पडायच्या, म्हणून मला परवडायचं. तीन दिवसवाल्याने सुटं भाडंच भरावं असं माझं मत. फायदा नाही तर नाही, निदान कुणाच्या ड्रॉवरशी संबंध येत नाही. आणि चार-पाच दिवस जाणारा असेल पण ऑफिसचं काही खरं नसेल, तर वार्षिकऐवजी मासिक. डोनट दिसले की पुढच्या महिन्याचं काढायचं नाही.

एडिसनकर, वाचून पोटात कालवलं. त्या बाईंचं जास्तच.

ताई, तुम्ही सांगितलंत तसंच पत्र पाठवलंय. ६६.९० चं वाक्य शेवटी, "ता. क." म्हणून.

लिफीकाठचा (२८ नोव्हेंबर २०२५)

उशिरा लिहितोय, पण धागा अर्धवट सोडणाऱ्यांचा मलाच राग येतो.

पहिलं उत्तर आलं पाचव्या दिवशी : "परताव्याची रक्कम करपात्र असते." ताईंनी सांगितलेलं ते छापील उत्तर, शब्दशः. मी परत लिहिलं, मी परताव्याबद्दल विचारतच नाहीये, जुलैबद्दल विचारतोय, आणि जून व जुलैच्या पेस्लिप शेजारी शेजारी ठेवून टॅक्सेबल पे ला पिवळा रंग लावून पाठवला. मग आठ दिवस शांतता. मग पेरोलमधल्या एका माणसाचा फोन आला. बहुधा कॉर्कचा असावा, अर्धं बोलणं गाण्यासारखं आणि पाऊण मला न समजणारं. पण त्याने एका मिनिटात चूक मान्य केली. म्हणाला, जुलैत योजना बंद करताना सिस्टिमने बाकी रक्कम आपोआप "कर्मचाऱ्याचं येणं" या खात्यात टाकली, आणि माझ्यासारखी आणखी चौदा माणसं आहेत. डोनट खाल्लेली चौदा. त्यांतल्या एकानेही विचारलं नव्हतं.

ऑक्टोबरचा पगार तोवर निघून गेला होता. नोव्हेंबरच्या पेस्लिपबरोबर जुलैची दुरुस्त केलेली पेस्लिप आली. टॅक्सेबल पे ४५६६.६७. फरक २८२.६०, ताईंच्या आकड्याला एक सेंटही हललेला नाही. मायअकाउंटमध्येही जुलैचा आकडा बदललेला दिसतोय.

ऑगस्टच्या शंभराबद्दल एचआरच्या मुलीने स्वतःहून विचारलं. मी म्हटलं राहू दे. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर चॉकलेटचा डबा होता, बऱ्यापैकी मोठा. ५२.९० चा नसावा, पण हिशेब लावला नाही.

बाकी आता रोज गाडीने जातो. एम५० या रिंगरोडवरचा टोल नेमका लूकन आणि ब्लँचर्ड्सटाउनच्या मधोमध आहे, म्हणजे माझ्या घर-ऑफिसच्या वाटेत, माझ्यासाठीच बांधल्यासारखा. फाटक नाही, कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत पैसे भरायचे. गेल्या आठवड्यात दोनदा विसरलो, दोन्ही वेळा दंड. टॅग मागवलाय. बोगद्यातली ती झोप फार आठवते.

ताई, शेवटचं एक. हा टोल रेघेच्या वरून कापता येतो का हो?

पेरोलवाली

नाही.